कोलिनेस्टरेझची कुळकथा

ब्यूटिरिलकोलिनेस्टरेझ हे यकृतात तयार होऊन रक्तद्रवात उतरणारे विकर. नांदेड-लातूरकडे फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला रुग्ण दवाखान्यात आला की ‘कोलिनेस्टरेझ’ तपासतात. रक्तद्रवावर ही तपासणी होते तेव्हा मोजले जाते ते हेच. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके त्याला जखडतात आणि आकडा घसरतो.

‘कोलिनेस्टरेझ’ हे नाव १९३२ मध्ये घोड्याच्या रक्तद्रवावर काम करणाऱ्या स्टेडमन दांपत्याच्या गटाने दिले. तांबड्या पेशींतले विकर आणि रक्तद्रवातले विकर वेगळे, हे १९४० मध्ये उमगले. रक्तद्रवातल्याचे महत्त्व मात्र भुलेच्या टेबलावर कळले. १९५१ च्या सुमारास सक्सामेथोनियम वापरात आले. स्नायू सैल करणारे हे औषध याच विकरामुळे काही मिनिटांत ओसरते. पण काही रुग्णांचा श्वास तासन्‌तास परतेना. हा दोष आनुवंशिक असल्याचे वर्नर कॅलो यांनी १९५७ च्या सुमारास दाखवले.

मराठवाड्याला ही गोष्ट जवळची आहे. आंध्रातील वैश्य समाजात हे विकर जवळजवळ नसणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण जास्त असल्याचे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. याच समाजाची, आर्य वैश्यांची, वस्ती नांदेड-लातूर पट्ट्यातही आहे. २००६ मध्ये कारण सापडले: ३०७ व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन. एरवी अशी व्यक्ती ठणठणीत असते.

एवढ्या बारकाव्याने पाहता आले ते जनुकतंत्रामुळे. ५७४ अमिनो आम्लांची साखळी १९८७ मध्ये वाचली गेली, जनुकही त्याच वर्षी हाती आले. मग मानवी जनुक चिनी हॅमस्टरच्या पेशींत घालून विकर बनवू लागले. अशा विकराच्या स्फटिकावरूनच २००३ मध्ये त्याची रचना उलगडली. २००७ मध्ये तर ते जनुकबदल केलेल्या शेळ्यांच्या दुधातून मिळाल्याचे जाहीर झाले.

विषबाधेवर औषध म्हणून हे विकर टोचावे, तर अडचण मोजमापाची आहे. विकराचा एक क्रियाशील भाग विषाचा एकच रेणू पकडतो आणि निकामी होतो, म्हणून मात्रा फार मोठी लागते. ११७ व्या जागी हिस्टिडीन बसवून विष पकडून फोडणारे रूप संशोधकांनी घडवले, पण त्याचा वेग मंद आहे. विषबाधेवरचे औषध म्हणून हे विकर अजून बाजारात नाही. दवाखान्यात भिस्त अ‍ॅट्रोपिनवरच आहे.

घरात कोणाचा श्वास भुलेनंतर उशिरा परतला असेल, तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना ते जरूर सांगावे.