रिकामी सुई : काहीच शोधायचे नसताना काय सापडते?

१/ निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले शहर अहमदनगर म्हणून ओळखले गेले. जिल्ह्यातील चोंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान. त्यांच्या नावावरून २०२४ मध्ये शहर व जिल्हा अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. दोन्ही नावांत 'नगर' मात्र कायम राहिले.

२/ संगणकाला हे 'नगर' कसे सापडते? सी भाषेत त्यासाठी 'स्ट्रस्ट्र' हे फंक्शन आहे. ज्यात शोधायचे ती गवताची गंजी, जे शोधायचे ती सुई, अशी त्याची रूढ परिभाषा. सुई प्रथम जिथे आढळते ती जागा ते परत करते. न आढळल्यास 'नल'.

३/ डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये सी घडवली. तिच्यात स्ट्रिंगची लांबी वेगळी नोंदवत नाहीत. शून्य मूल्याचा बाइट आला की स्ट्रिंग संपली. म्हणून रिकाम्या स्ट्रिंगलाही अस्तित्व असते: केवळ तो एक बाइट.

४/ मग सुईच रिकामी असेल तर? १९८९च्या अमेरिकी प्रमाणकाने निर्णय दिला: गंजीचा आरंभ परत करावा. अर्थात, 'सापडली, अगदी पहिल्याच जागी'.

५/ हा निर्णय लहरी नव्हे. 'अहमदनगर'मध्ये 'नगर' पाचव्या अक्षरापाशी सापडते. शेवटचे अक्षर गाळून 'नग' शोधा, मग 'न' शोधा; सुई आखूड होत गेली तरी ती सापडतेच, आणि पूर्वीपेक्षा पुढे कधीच जात नाही. शेवटचे अक्षरही गाळले की जुळण्याची अटच उरत नाही. म्हणून आरंभीच जुळते.

६/ तरीही एकमत सहज झाले नाही. लिनक्सवरील जीलिबसी २.० मध्ये 'मेममेम' हे भावंड फंक्शन रिकाम्या सुईसाठी गंजीचा शेवटचा बाइट दाखवी, २.१ मध्ये ती चूक सुधारली. पीएचपी भाषेतील 'स्ट्रपॉस' अशा वेळी इशारा देऊन 'असत्य' म्हणे. २०२०च्या आठव्या आवृत्तीपासून तेही शून्य, म्हणजे आरंभ, सांगू लागले.

७/ याचे व्यवहारात मोल काय? जुन्या नोंदींत गावाचे नाव बदलणारा प्रोग्राम घ्या. शोधाची चौकट चुकून कोरी राहिली, तर प्रत्येक नोंद 'जुळते'. प्रत्येक आढळानंतर सुईच्या लांबीइतके पुढे सरकायचे असेल, तर लांबी शून्य. प्रोग्राम त्याच जागी अखंड फिरत राहतो.

८/ म्हणून जाणकार प्रोग्रामर शोधापूर्वीच सुई रिकामी आहे का, हे तपासतो. प्रमाणकाने उत्तर निश्चित केले आहे. पण ते उत्तर आपल्या कामाचे आहे की नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.