कुंपणाआडचं गाव



परवा माळ्यावरची पुस्तकं उन्हात घातली, तेव्हा विभावरी शिरूरकरांची 'बळी' ही कादंबरी हाती लागली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, अक्षर मात्र शाबूत आहे.

आमच्या नातवंडांसाठी सांगतो. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं आणि ही बाई आहे तरी कोण, म्हणून महाराष्ट्रात खळबळ उडाली. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. स्वतःचं नाव झाकून लिहावं लागलेल्या बाईंनीच पुढे झाकून ठेवलेल्या माणसांवर कादंबरी लिहिली.

ही माणसं सोलापूरच्या सेटलमेंटमधली. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांच्या रजिस्टरात नाव, ठरल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पडायचं नाही. गिरण्यांच्या शहराला लागूनच तारेच्या कुंपणात हे वेगळं गाव वसवलेलं. मालतीबाईंनी तिथे अधिकारी म्हणून काम केलं आणि जवळून पाहिलेलं लिहिलं. आतलं दुःख बाहेर कळत नव्हतं आणि बाहेरच्यांना ते कळून घ्यायचंही नव्हतं. 'बळी' आली १९५० साली. १९५२ साली तो कायदा देशभरातून रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या.

मी बी.ए.ला असताना ही कादंबरी वाचून रडलो होतो. आणि तरीही...

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. तुमसरकडच्या एका शाळेत सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा त्या वर्गात होता. कुठे राहतोस विचारलं की मान खाली घालायचा. एक दिवस एकाची कंपासपेटी हरवली. मी सरळ उठलो आणि सगळ्यांत आधी त्याचंच दप्तर उलटं केलं. दोन वह्या आणि फडक्यात बांधलेली भाकर निघाली. दुसऱ्या दिवशी पेटी मालकाच्याच घरी सापडली. मी वर्गात काही बोललो नाही. सोमवारपासून तो पोरगा आलाच नाही. पुढे पालंही उठली.

कायदा तर केव्हाच गेला होता. मग ते दप्तर मी कोणत्या कायद्याने तपासलं?

पुढे लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७) आलं. ज्यांच्याबद्दल इतरांनी लिहायचं, ती माणसं स्वतःच बोलू लागली. दोन्ही पुस्तकं मी वर्गात वाचून दाखवली. त्या मुलाची माफी मात्र राहूनच गेली. आज तो साठीला आला असेल.

असो. 'बळी' मिळाली तर जरूर वाचा. आणि वाचून नुसते रडू नका, एवढंच सांगणं.