वाण्याची वही आणि टोड लेनचे दुकान

काटकसर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने येते ते पोटाला चिमटा घेणे. भाजीत तेल थोडे कमी घालावे, दुधात पाणी थोडे वाढवावे, सणाचे लुगडे पुढच्या वर्षावर ढकलावे. आणि हे सारे मुकाट्याने घरच्या बाईने करावे, अशी जुनी समजूत आहे. परंतु घरखर्चाचा इतिहास काही निराळेच सांगतो. पुष्कळदा पैसा वाचला तो कमी खाल्ल्याने नव्हे, तर विकत घेण्याची रीत बदलल्याने. मंडळाच्या वर्धापनदिनी आपल्या भगिनींपुढे अशाच एका बदललेल्या सवयीची हकीकत ठेवावी असे मनात आले.

ही हकीकत इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या रॉचडेल गावची. तेथे फ्लॅनेलचे लोकरी कापड विणणाऱ्यांची मोठी वस्ती होती. यंत्रे आली तशी विणकरांची मजुरी उतरत गेली. मजुरी पुरत नाही म्हणून किराणा उधार आणायचा, आणि उधार आणला की दुकानदार देईल ते निमूटपणे घ्यायचे, असे ते चक्र होते. पावात तुरटी मिसळलेली असे, वापरलेली चहाची पाने वाळवून पुन्हा विकली जात, वजनमापाचा भरवसा नसे. तक्रार कोण करणार? ज्याच्या वहीत आपले नाव आहे, त्याच्याशी भांडता येत नाही. उधारीचा खरा तोटा हाच. जास्तीचे दोन पैसे जातात ते तर जातातच, पण त्याबरोबर आपली बोलण्याची जागाही जाते.

ह्यावर उपाय म्हणून त्याच गावच्या विणकरांनी 1833 साली टोड लेन ह्या गल्लीत आपले स्वतःचे दुकान काढून पाहिले होते. ते अवघ्या दोन वर्षांत बुडाले. सभासदांना माल उधार दिला आणि पैसा परत आला नाही, हे त्याच्या बुडण्याचे कारण. पुढे 1844 साली मजुरीवाढीची खटपटही फसली, तेव्हा काही विणकरांनी पुन्हा एकदा दुकानाचाच विचार केला. मात्र ह्या खेपेस मागच्या चुकीचा धडा त्यांच्यापाशी होता.

आठवड्याला दोन-तीन पेन्स अशी वर्गणी गोळा करून अठ्ठावीस सभासदांनी अठ्ठावीस पौंड भांडवल उभे केले. त्याच टोड लेनमध्ये एका वखारीचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला. 21 डिसेंबर 1844 च्या संध्याकाळी दुकानाच्या फळ्या निघाल्या. आत माल काय, तर थोडे लोणी, साखर, गव्हाचे व ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या! बाहेर गिरणीतली पोरे टिंगल करीत उभी होती. आरंभी हे दुकान फक्त शनिवारी व सोमवारी संध्याकाळी उघडे असे.

ह्या एवढ्याशा दुकानाचे नियम मात्र पक्के होते. माल निर्भेळ, माप पूर्ण, सभासद लहान असो की मोठा मत एकच, आणि व्यवहार रोखीचा. आणखी एक नियम विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. हे दुकान बाजारापेक्षा स्वस्त विकत नसे. बाजारभावानेच विकी आणि हिशेब झाल्यावर जो नफा उरेल तो ज्याची जितकी खरेदी तितक्या प्रमाणात वाटून देई. म्हणजे घरच्या बाईने नेहमीचेच पीठ, नेहमीचेच लोणी आणावे, आणि तिच्या नावावर आपोआप शिल्लक पडत जावी. पुढे हा परतावा पौंडामागे दोन शिलिंगांच्या वर गेला. वीस शिलिंगांचा एक पौंड, हे लक्षात घेतले तर वर्षाला वीस पौंडांचा किराणा नेणाऱ्या घरी दोन पौंडांहून अधिक रक्कम परत येई. तीही एकही घास कमी न करता!

हे वाचून वाटेल की मग गावातली सारी घरे तिकडे धावली असतील. तसे झाले नाही. रोखीने घ्यायचे तर हाती रोकड हवी, आणि जुन्या दुकानदाराचे देणे डोक्यावर असता नव्या दुकानात जायचे तरी कसे? कित्येक सभासदांनाही ह्याच कारणाने तेथे पाऊल टाकण्याचा धीर होईना. शिवाय चारच जिनसांसाठी कोण एवढे चालत जाणार? जुन्या देण्यातून मोकळे होण्याचे पहिले काही आठवडे फार अवघड असतात. खरी काटकसर तेवढ्याच दिवसांत करावी लागते. पुढचे काम सवयच करते.

ज्यांनी तेवढे दिवस काढले त्यांचे काय झाले ते आकडेच सांगतात. 1850 साली सभासद सहाशे झाले. 1860 साली 3,450, आणि भांडवल 37,000 पौंडांच्या वर गेले. नफ्यातून शेकडा अडीच भाग शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा ठराव झाला, आणि किराणा दुकानाच्या जोडीने वाचनालय उभे राहिले. त्या काळी इंग्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर कायद्याने हक्क नव्हता. ह्या संस्थेत मात्र स्त्रियांना सभासद होता येत असे. पुढे 1883 साली सहकारी दुकानांतून खरेदी करणाऱ्या स्त्रियांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. खरेदीची टोपली जिच्या हाती, तिच्या हाती मोठी शक्ती, हे त्यांनी ओळखले होते. 1911 च्या विमा कायद्यात प्रसूतीच्या भत्त्याची सोय व्हावी म्हणून ह्याच स्त्रियांनी खटपट केली. पिठाच्या हिशेबापासून निघालेली वाट कोठवर गेली पाहा!

लँकेशायरच्या विणकरांची ही गोष्ट आपल्या गिरणगावाला परकी वाटू नये. मुंबईच्या गिरणीकामगाराला पगार महिन्याने मिळे, आणि तोवरचे धान्य वाण्याच्या उधारीवर येई. पगार हाती येण्यापूर्वीच तो वहीत जमा झालेला असे. आपल्याकडे 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना आणि 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना मार्ग मोकळा झाला. महायुद्धात, 1943 साली, मुंबईत रेशनिंग आले आणि ग्राहकांनी एकत्र येण्याची निकड घरोघर पटली. 1948 साली नायगावच्या कामगार वस्तीत 'अपना बाजार' सुरू झाला.

त्यानंतर 1972 साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाराने मुंबईच्या स्त्रिया हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, हे अनेकींना स्मरत असेल. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाशिवायच काम चालविले. शेजारपाजारच्या घरांनी गट करावा, महिन्याच्या मालाची यादी आधी द्यावी, एकत्र आलेला माल एका घरी उतरवून सर्वांनी मिळून वाटून घ्यावा, अशी ती पद्धत. त्यात पैसा वाचतो हे खरेच, पण महिन्याचे काय लागते हे आधी बसून ठरवावे लागते, ही त्याहून मोठी गोष्ट. यादी करून आणलेल्या घरात अनावश्यक जिन्नस सहसा शिरत नाही.

आज वाण्याची लाल वही बहुतेक घरांतून गेली. पण उधारी गेली का? ती हप्त्यांच्या रूपाने आली, कार्डाच्या रूपाने आली. पूर्वी वाणी निदान ओळखीचा होता, आणि देणे किती झाले ते वही उघडून पाहता येई. आता फोनवर बोट टेकले की पैसे जातात. हातातून नोट गेल्याची जी जाणीव होई तीही होत नाही.

तेव्हा भगिनींनो, टोड लेनच्या विणकरांपासून घ्यायचे ते एवढेच. आधी जुने देणे फेडावे, मग हाती असेल त्यातून घ्यावे, शक्य तेथे चार घरांनी मिळून घ्यावे, आणि वाचेल ते वेगळे ठेवावे. त्यांनी अठ्ठावीस जणांत आरंभ केला. एका चाळीच्या मजल्यावर किंवा आपल्या मंडळाच्या एका बैठकीला एवढी माणसे सहज जमतात.