दिवस गेले, पण आधी कळलं कुणाला?

आजच्या भागाचा विषय तसा घराघरातला, पण आवाज खाली आणून बोलला जाणारा. पाळी लांबली. कॅलेंडरवरची तारीख उलटून चार दिवस झाले, आठ झाले. आता पुढे काय?

आपल्या भाषेत गरोदर राहण्याला 'दिवस जाणं' म्हणतात. मला हा शब्दप्रयोग फार नेमका वाटतो. कारण बाईकडे अगदी परवापर्यंत मोजायला दिवसांशिवाय दुसरं काही नव्हतंच. पाळी चुकली, कोरड्या उलट्या सुरू झाल्या, दोन-तीन महिने वाट बघितली, मग घरातली जाणती बाई म्हणणार, "हं, दिवस गेलेत." आणि पुढच्या महिन्यात पाळी आली, तर तो सगळा घोर मनातल्या मनात जिरवायचा.

वाट बघणं नको म्हणून माणसाने काय काय केलं बघा. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लिखाणात एक परीक्षा सापडते. बाईने गहू आणि सातूच्या दाण्यांवर रोज लघवी करायची. दाणे उगवले तर ती बाळंत होणार. ऐकून हसू येतं. पण 1963 साली हा प्रयोग खरोखर करून पाहिला गेला, तेव्हा गरोदर बायकांच्या लघवीने सुमारे 70 टक्के वेळा दाणे उगवले. गहू उगवला तर मुलगी की मुलगा, हा भाग मात्र खोटा ठरला. पण उत्तर लघवीत आहे, हा अंदाज बरोबर होता.

हे शास्त्राने सिद्ध केलं बर्लिनमध्ये, 1927-28 साली. सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोन डॉक्टरांनी बाईची लघवी कोवळ्या मादी उंदरांना टोचली. चार-पाच दिवसांनी उंदीर मारून त्यांची बीजकोशं तपासली. बाई गरोदर असेल तर ती वेळेआधीच पिकलेली दिसायची. पुढे उंदरांऐवजी ससे आले. अमेरिकेत तर 'ससा मेला' म्हणजे 'दिवस राहिले' असा वाक्प्रचारच पडला. खरं म्हणजे उत्तर काहीही असो, ससा मरायचाच! तो कापल्याशिवाय आत काय झालंय ते दिसणार कसं? मग झेनोपस जातीची आफ्रिकन बेडकी आली. तिला लघवी टोचली की अठरा तासांच्या आत ती अंडी घालायची. ती जिवंत राहायची, पुन्हा वापरता यायची.

आता माझा मुद्दा. हे उत्तर जायचं कुणाकडे? डॉक्टरकडे. एडिनबरोला 1929 पासून अशा तपासणीचं केंद्र होतं. नमुने टपालाने यायचे, निकाल डॉक्टरला जायचा. जिच्या पोटाचा प्रश्न, तिला सगळ्यात शेवटी कळायचं.

ज्या 1927 मध्ये बर्लिनचे प्रयोग चालले होते, त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. संततिनियमनाचं केंद्र तर त्यांनी 1921 सालीच काढलं होतं. लोकांच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना ते उघडपणे उत्तरं द्यायचे. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरी दंड झालाच. म्हणजे माहिती विचारणंसुद्धा गुन्ह्याच्या जवळ जात होतं.

1967 साली न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची छब्बीस वर्षांची ग्राफिक डिझायनर काम करत होती. प्रयोगशाळेत तिला परीक्षानळ्यांची रांग दिसली, खाली आरसा. नळीच्या तळाशी तांबडं कडं दिसलं की बाई गरोदर. तिच्या मनात आलं, हे तर घरीही करता येईल की! टेबलावरच्या पेपरक्लिपच्या डबीवरून तिने नमुना बनवला. कंपनीतल्या साहेबांना ते पटेना, कारण मग डॉक्टर गिऱ्हाइकं नाराज होतील. पेटंट मात्र तिच्या नावावर निघालं आणि हक्क एका डॉलरला कंपनीकडे गेले. तो डॉलरही आपल्याला कधी मिळाला नाही, असं तिने पुढे सांगितलं.

1970 च्या दशकात हे किट आधी कॅनडात आणि मग अमेरिकेत दुकानात आलं. निकालाला दोन तास लागायचे, नळी हलवायची नाही. आजची एका दांडीवरची सोपी टेस्ट 1988 मधली. आपल्याकडे पुढे 'निश्चय' नावाचं सरकारी किट आशाताईंच्या पिशवीतून गावोगाव पोचलं.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र विसरू नका. पाळी लांबली की 'पाहण्यासाठी' हार्मोनच्या जबर गोळ्या द्यायची पद्धत होती. रक्तस्राव झाला तर गरोदर नाही. बाळाला अपाय होण्याची भीती पुढे आली, स्त्री संघटना कोर्टात गेल्या, आणि अशा जास्त मात्रेच्या गोळ्यांवर भारतात 1988 साली बंदी आली.

मग आज पाळी लांबली तर काय करायचं? चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून टेस्ट करता येते. रेघ उमटली नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. पाळी मुळातच अनियमित असेल, तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली टेस्ट भरवशाची. ताण, वजनातले चढउतार, थायरॉइड, पीसीओएस, अंगावर पाजणं, चाळिशीनंतरचे बदल, यांनीही पाळी लांबते. पण टेस्ट आली असेल आणि पोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्त जात असेल, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि दिवस अजूनही मोजायचेच आहेत. डॉक्टर आठवडे धरतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. अनियमित पाळीत हा हिशेब चुकतो, म्हणून सोनोग्राफी लागते. 1971 च्या गर्भपात कायद्यात, 2021 च्या दुरुस्तीनंतर, 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने 24 पर्यंत जाता येतं. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात अविवाहित बाईलाही धरलं. म्हणजे उशिरा कळण्याची किंमत आठवड्यांत मोजली जाते.

म्हणून मुलींना स्वयंपाकाबरोबर हेही शिकवा: तारीख लिहून ठेव, आणि आधी तुला कळू दे. बाकीच्यांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तू ठरव.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.