नंबर नसलेलं कार्ड

आज बेसबॉलच्या कार्डांबद्दल बोलूया. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं असलेली छोटी कार्डं टाकायची. संग्राहक या संचाला टी२०६ म्हणतात. त्यातलं होनस वॅगनरचं कार्ड लवकरच छापायचं बंद झालं, कारण त्याने परवानगी नाकारली. पोरांना तंबाखूची सवय लागू नये म्हणून, की पैशांवरून, यावर अजून वाद चालतो. आज जेमतेम पन्नास-साठ वॅगनर माहीत आहेत.

१९९१ मध्ये पीएसए ही कंपनी निघाली. कार्ड तपासायचं, १ ते १० मध्ये मार्क द्यायचे आणि प्लास्टिकमध्ये सीलबंद करायचं. त्यांचं पहिलंच कार्ड म्हणजे हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने भागीदारीत ४,५१,००० डॉलरला घेतलेला वॅगनर. मार्क मिळाले ८.

आता गंमत बघा. कडा कापलेल्या, रंग भरलेल्या, कोपरा जोडलेल्या कार्डाला एरवी नंबर मिळतच नाही. लेबलवर 'ऑथेंटिक', किंवा सोबत 'अल्टर्ड'. म्हणजे वस्तू अस्सल, पण कुणीतरी हात मारलाय.

मग किंमत कशी ठरते? नंबरवालं कार्ड असेल तर त्याच नंबरच्या मागच्या विक्रीचे आकडे बघता येतात. इथे कार्डच नीट बघावं लागतं. आधी विचारायचं, नंबर का नाही? शंभर वर्षांपूर्वी एखाद्या पोराने वहीत बसवायला कात्री लावली असेल, किंवा एखाद्या व्यापाऱ्याने कोपरे टोकदार दिसावेत म्हणून ब्लेड चालवलं असेल. लेबल दोघांना एकच! मला विचाराल तर पहिलं कार्ड मी आनंदाने घेईन. काही कार्डं तर कापायचीच होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पोस्ट सीरियलच्या खोक्यांवर छापलेली कार्डं घरीच कात्रीने कापायची. कात्री रेषेच्या आत शिरली की नंबर गेला.

साध्या खेळाडूचं असं कार्ड संच पुरा करणारे स्वस्तात घेतात, चेहरा आणि रंग शाबूत असले की झालं. दुर्मीळ कार्डाचं गणित वेगळं. २०२२ मध्ये वॅगनरचं अर्धं फाटलेलं कार्ड सुमारे १५ लाख डॉलरला गेलं. अर्धं!

आणि ते ८ वालं? २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. २०१३ मध्ये लिलाववाला बिल मॅस्ट्रो याने कोर्टात कबूल केलं, त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. लेबलवर मात्र अजून ८ च आहे.