पडद्यामागचा खर्ज

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, माणिकगडाच्या डोंगरांत, जिवतीचा मुलूख पसरलेला आहे. सागाचीं जंगलें, पठारावरचीं कापसाचीं आणि ज्वारीचीं शेतें, गोंड व कोलाम यांचे गुडे, आणि मागाहून मराठवाड्यांतून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांच्या वाड्या, असें त्याचें स्वरूप. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यांत मोडत असे. मुंबईचें चित्रपटसंगीत अशा ठिकाणीं पोहोंचलें तें मुख्यतः आकाशवाणीच्या वाटेनें. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ सुरू झाली. पुढें ट्रँझिस्टर स्वस्त झाले, आणि वीज नसलेल्या वस्तींतहि खोपटाच्या मेढीला टांगलेली लहानशी पेटी गाऊं लागली.

त्या पेटींतून गायिकेचा आवाज येई, व्हायोलिनें येत, बांसरी येई, ढोलकाची थाप येई. परंतु मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत हजर असलेला एक वादक मात्र त्या प्रवासांत बहुतेक मागेंच राही. तो म्हणजे बास वाजविणारा. त्याच्या वाद्याची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. तळहाताएवढ्या ध्वनिवर्धकाच्या पडद्याला इतकी मंद आणि मोठी लाट हलवितां येत नाहीं. मग तो वादक ऐकणाऱ्याला मुळींच मिळत नसे काय? तसें नाहीं. प्रत्येक सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघत असतात. ते लहान पेटींतूनहि बाहेर पडतात, आणि मनुष्याचा कान त्यांवरून मूळच्या खर्जाची जुळणी करून घेतो. ज्याला कोणी स्पष्ट ऐकत नाहीं, परंतु ज्याच्यावांचून गाणें पोरकें वाटतें, असा हा वादक आहे.

हा मनुष्य नेमकें काय करतो, हें मराठी रसिकाला समजणें अवघड नाहीं. तंबोऱ्याची खर्जाची तार, तबल्याचा डग्गा, तमाशांतील तुणतुणें, यांचें आणि त्याचें काम एकाच जातीचें. भेद इतकाच कीं तंबोऱ्याचा खर्ज एका जागीं बसून राहतो, आणि बासचा खर्ज चालतो. गायिकेनें षड्ज लांबविला आहे अशी कल्पना करावी. खालीं बासहि षड्जावरच असेल, तर तो सूर घरीं परतल्यासारखा वाटतो. बास मध्यमावर गेला, कीं तोच षड्ज त्या मध्यमाचा पंचम होतो आणि त्याला भारदस्तपणा येतो. बास धैवतावर उतरला, तर तोच सूर किंचित् उदास भासूं लागतो. गायिकेनें कांहींच बदललेलें नसतें. भाव बदलतो तो खालच्या माणसामुळें. पाश्चात्त्य वळणाच्या सौम्य गीतांत, जेथें ताल आघात करीत नाहीं आणि वाद्यें गर्दी करीत नाहींत, तेथें तर सारी जबाबदारी या चालत्या खर्जावर पडते.

मुंबईला असे वादक मिळाले ते पुष्कळ अंशीं गोमंतकाकडून. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चना जोडलेल्या गांवशाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन शिकविलें जाई. कागदावरचे सूर पाहतांच वाजविण्याची विद्या हातीं असलेला तरुण पोट भरण्यासाठीं मुंबईस येई. मूकपटांची साथ, हॉटेलांतील नृत्यवृंद, लष्करी बँड, अशीं कामें त्याला मिळत. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णी वादकाचा जाझवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला; टेडी वेदरफोर्डहि तेथें वाजवूं लागला. गोमंतकीय वादकांनीं ही नवी विद्या चटकन् उचलली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजले, आणि कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वादक त्याच वाटेनें पुढें आले.

पुढें १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें हॉटेलांतील रात्रीच्या मैफली ओसरूं लागल्या. त्याच सुमारास चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत चालले होते. एका धंद्यानें सोडलेलीं माणसें दुसऱ्यानें उचललीं. संगीत दिग्दर्शक चाल सरगमींत बांधी. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक ती ऐकून प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवीत. आणि वादक सकाळीं येऊन, तो कागद पुढें ठेवून, सायंकाळपर्यंत गाणें पुरें करीत. मजुरी दिवसाची, काम संपलें कीं संबंध संपला.

त्या काळीं गाणें एका दमांत मुद्रित होई. गायिका, व्हायोलिनें, तालवाद्यें, सारीं एकाच वेळीं वाजत, आणि अखेरच्या ओळींत एकाचा हात चुकला तरी सर्वांना पुन्हां आरंभापासून वाजवावें लागे. बास वाजविणाऱ्याची चूक तर लपतहि नाहीं. वरच्या चाळीस व्हायोलिनांतील एक किंचित् बेसूर झालें, तर इतरांच्या आवाजांत तें विरून जातें. पाया एक बोट सरकला तर सारें घर कलतें.

आरंभीं हें काम डबल बासवर होई. माणसापेक्षां उंच, उभें धरून वाजवावयाचें हें लांकडी वाद्य. १९५१ मध्यें अमेरिकेंत लिओ फेंडर यानें विजेवर चालणारी, पडदे असलेली बास गिटार विक्रीस आणली. गळ्यांत अडकवितां येणारें हें वाद्य पुढें मुंबईंतहि आलें. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत बास गिटार वाजविणारे टोनी वाझ हे या कलेंतील नामांकित पुरुष होत. त्या वृंदांत गिटारीवर भूपिंदर सिंग, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, तालवाद्यांवर मारुतीराव कीर अशीं मोठीं माणसें होतीं. इतक्या चतुर मंडळींत खालचा माणूस काय वाजवितो यापेक्षां काय वाजवीत नाहीं हें महत्त्वाचें ठरतें. समेवर एक भरीव सूर द्यावा. तो केव्हां थांबवावा हें ठरवावें, कारण सूर लवकर तोडला तर गाणें उड्या मारतें आणि उशिरां तोडला तर चिखलांत चालल्यासारखें जड होतें. ओळ बदलतांना अर्ध्या मात्रेचें एक पाऊल टाकून पुढच्या सुराकडे वाट दाखवावी. आणि गायिका श्वास घेईल तेथें हात आवरावा. बोटांत चपळाई असून ती न दाखविणें, हें या वादनाचें खरें शिक्षण.

१९७१ हें वर्ष या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्या वर्षीं अमेरिकेंत कॅरोल किंग या गायिकेची ‘टॅपेस्ट्री’ ही तबकडी निघाली. सौम्य वळणाच्या रॉक संगीतांत ती आदर्श मानली जाते, आणि तेथील विक्रीच्या यादींत ती सलग पंधरा आठवडे अग्रस्थानीं होती. पियानो स्वतः किंगबाईंचा. बहुतेक गाण्यांत बास चार्ल्स लार्की यांचा. पियानोचा डावा हात जेथें बोलतो तेथें बास वाट देतो, आणि जेथें तो थांबतो तेथें हळूच पुढें सरतो. या सभ्यतेमुळेंच ती तबकडी घरांतल्या घरांत चाललेल्या गुजगोष्टीसारखी वाटते. त्याच वर्षीं मार्व्हिन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीच्या वेष्टनावर जेम्स जेमर्सन या बासवादकाचें नांव गौरवानें छापलें गेलें. तत्पूर्वीं सबंध दशकभर मोटाऊन कंपनीच्या गाजलेल्या गाण्यांत त्याचींच बोटें होतीं. परंतु ऐकणाऱ्यांस त्याचें नांव ठाऊक नव्हतें.

त्याच १९७१ मध्यें इकडे राहुलदेव बर्मन यांचा ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला आणि त्यांतील गाणीं गांवोगांवीं गेलीं. आपल्याकडील तबकड्यांच्या वेष्टनांवर बहुधा संगीतकार, गीतकार आणि गायक एवढींच नांवें असत. बासु, मनोहारी आणि मारुती हे बर्मन यांचे साहाय्यक म्हणून पडद्यावर झळकले, हें भाग्य साहाय्यकांचें; दिवसाच्या मजुरीवर आलेल्या वादकाच्या वांट्याला तें आलें नाहीं. याचा तोटा केवळ त्याच्या अभिमानाला झाला असें नव्हे. नांव नोंदलेलें नसलें म्हणजे कोणत्या गाण्यांत कोणाचा हात होता हें पुढें वृद्ध वादकांच्या आठवणींवरून शोधावें लागतें. आणि आठवणी माणसांबरोबर जातात. ग्रेगरी बूथ या संशोधकानें अशा अनेक वादकांना भेटून त्यांच्या हकीकती टिपल्या आणि २००८ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. तोंवर कित्येकजण निघून गेले होते.

एका गुरूला मात्र अनपेक्षित दक्षिणा मिळाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. १९५८ मध्यें त्यांनीं भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा प्रयोग मुंबईंत केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाण्यांत गुरूचेंच नांव गुंफलें. सबंध देश तें नांव गुणगुणला. परंतु तें एका खऱ्याखुऱ्या वादकाचें आहे हें फार थोड्यांच्या ध्यानीं आलें.

जिवतीच्या डोंगरांत दिवाळीच्या दिवसांत दंडारीचा मेळा भरतो. मोरपिसांचे मुकुट घातलेले घुसाडी नाचतात, आणि पाहणाऱ्यांचे डोळे त्यांच्यावरच खिळतात. परंतु नाचणाऱ्यांचें लक्ष असतें तें कडेला उभ्या असलेल्या ढोलवाल्याकडे. त्याचा हात थांबला कीं पाय थांबतात, हें तेथील पोरासोरांनाहि ठाऊक असतें, आणि ढोल कोण वाजवितो हें सारा गुडा जाणतो. मुंबईच्या खर्जाला तेवढी ओळख लाभली नाहीं. आज तींच गाणीं चांगल्या यंत्रावर पुन्हां ऐकतां येतात, आणि ट्रँझिस्टरच्या पेटींत जें हरवलें होतें तें स्पष्ट कानीं पडतें. एखादें परिचित गाणें लावावें, एक वेळ गायिकेवरचें ध्यान काढून खालच्या तारेवर ठेवावें, आणि कडवें संपेपर्यंत तिच्याबरोबर चालावें. चाळीस-पन्नास वर्षें घरांत असलेलें गाणें तेव्हां प्रथमच पुरें ऐकल्यासारखें वाटतें.