उन्हात ठेवलेले सेल

आमच्या सांगलीच्या घरी रेडिओचा आवाज बसायला लागला, की आई त्यातले सेल काढायची आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी उन्हात मांडून ठेवायची. संध्याकाळी ते परत घातले, की रेडिओ दोन-तीन दिवस पुन्हा खणखणीत बोलायचा. "बघ, होता की नाही अजून जीव त्यात?" असे ती म्हणायची. वाचकहो, तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या घरी हा उद्योग झालेला असणार. ती काही अंधश्रद्धा नव्हती. जस्त आणि कार्बनच्या त्या सेलमधली रासायनिक क्रिया उष्णतेने थोडा जोर धरते आणि संपत आलेल्या सेलमधून उरलीसुरली वीज निघते. चार पैसे वाचवण्याची ती रीत आमच्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेली आहे.

ही आठवण काढण्याचे कारण २०२३ सालच्या जुलै महिन्यातले. शुवैखमध्ये गाडीचा एक सुटा भाग आणायला गेलो होतो. भर दुपारची वेळ. रस्ता दाखवायला लावलेला फोन काचेजवळ तसाच राहिला आणि मी दुकानात शिरलो. तासाभराने परत आलो तर फोन हातात धरवेना. पडद्यावर तापमानाची सूचना झळकली आणि तो बंद पडला. घरी येईपर्यंत तो सुरू झालाच नाही. सौ. म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेवूया का?" चिरंजीवांनी तिला अडवले, कारण एकदम गार केल्याने आत दव धरते. पंख्याखाली बराच वेळ ठेवल्यावर फोन जागा झाला आणि धाकट्या भावाचे अकरा मिस्ड कॉल दिसले. आईच्या छातीत दुखू लागल्याने तिला दवाखान्यात हलवले होते.

सुदैवाने दुखणे निभावले. रात्री तिच्याशी बोललो. "इतका वेळ कुठे होतास रे?" तिने विचारले. "अगं, बॅटरीच गेली होती," मी म्हणालो. त्यावर शहाऐंशी वर्षांची ती माउली अगदी सहज म्हणाली, "मग उन्हात ठेवून बघायचीस की जरा!"

मला हसू आले, पण मनात एक प्रश्नही राहिला. जी गोष्ट तिच्या रेडिओला जीवदान द्यायची, तिनेच माझ्या फोनचा जीव घेतला होता. मी स्वतः इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, जन्मभर उपकरणांत गेलो, तरी हातातल्या बॅटरीची कुळकथा कधी धड वाचली नव्हती. ती वाचली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. आपल्या जुन्या सवयींपैकी काही आजही तंतोतंत लागू आहेत आणि काही पार उलट्या झाल्या आहेत. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या टाकायच्या, हे सांगण्यासाठीच हा लेख.

बसमधले तीन नियम

आधी १९९० सालात जाऊ. २ ऑगस्टला, गुरुवारी पहाटे, इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. त्या वेळी इथे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय होते, त्यांतला मी एक. परदेशी फोन तुटले, पत्रे थांबली. बाहेरच्या जगाची खबर सांगणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे रेडिओ. घरात वीज होती, पण पुढच्या वाटेवर ती नसणार होती. ऑगस्टअखेर आम्ही बसरा, बगदाद आणि तिथून जॉर्डनची सरहद्द अशा प्रवासाला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत चार मोठ्या सेलवर चालणारा तीन बँडचा ट्रान्झिस्टर होता. जादा सेल मिळाले नाहीत. घातलेल्या सेलवरच अम्मान गाठायचे होते.

बसमध्ये रत्नागिरीकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. रेडिओचा कारभार त्यांनी आपल्या हाती घेतला आणि तीन नियम घातले. पहिला, डायलचा दिवा लावायचा नाही. स्टेशन अंधारात हाताने शोधायचे. दुसरा, रेडिओ फक्त बातम्यांच्या वेळी लावायचा, मधे गाणी नाहीत. तिसरा, आवाज बारीक. एकाने कानाला लावून ऐकायचे आणि बाकीच्यांना सांगायचे. मल्याळी, पंजाबी, गोवेकर, सगळे त्या एका कानाच्या तोंडाकडे बघत बसायचे. सरहद्दीवरच्या तंबूंत पोहोचलो तेव्हाही रेडिओ बोलत होता. अम्मानहून विमाने सुटत असल्याची बातमी आम्ही त्यावरच ऐकली. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात ४८८ उड्डाणांतून एअर इंडियाने १ लाख ११ हजारांवर माणसे मायदेशी नेली, हा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या एवढ्या मोठ्या आकड्यातला मी एक ठरलो, याचे थोडे श्रेय काकांनी न लावलेल्या दिव्यालाही आहे.

सांगलीला आई तीन आठवडे रेडिओपाशी बसून होती. तिचे सेल त्या काळात किती वेळा गच्चीवर गेले असतील, कोण जाणे!

तेलाच्या पोटातली बॅटरी

आता आपल्या फोनमधल्या बॅटरीकडे वळतो. तिची जन्मकथा याच गावाशी जोडलेली आहे, हे वाचून मी चकित झालो. १६ ऑक्टोबर १९७३ ला आखाती तेल उत्पादकांचे मंत्री कुवेत शहरात जमले आणि त्यांनी तेलाचा भाव ७० टक्क्यांनी वाढवला. दुसऱ्याच दिवशी, याच शहरात, अरब तेल उत्पादकांनी दरमहा ५ टक्के उत्पादन कमी करण्याचे ठरवले. जगभर हाहाकार उडाला. तेलाशिवाय गाडी चालेल का, या प्रश्नाला अचानक धार आली, आणि त्यावर पैसा लावणाऱ्यांत खुद्द तेल कंपन्याही होत्या.

एक्सॉन कंपनीत काम करणारे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७६ साली लिथियम धातूची, पुन्हा भरता येणारी बॅटरी जगापुढे मांडली. ती दोन व्होल्टच्या थोडी वर होती आणि पेट घेण्याचा धोका होता. पुढे तेलाचे भाव उतरले आणि कंपनीने तो नाद सोडला. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून चार व्होल्ट मिळवले. त्याच सुमारास मोरोक्कोत जन्मलेले रशीद याझामी यांनी ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम शिरते आणि परतही निघते, हे दाखवून दिले. १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो यांनी घातक लिथियम धातू काढून टाकला आणि त्याच्या जागी पेट्रोलियम कोक, म्हणजे तेलशुद्धीत उरणारा कोळसा, वापरला. १९९१ साली, इथल्या पेटलेल्या तेलविहिरी विझवल्या जात होत्या त्याच वर्षी, सोनी कंपनीने ही लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ साली नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

या बॅटरीत काही जळत नाही की विरघळत नाही. लिथियमचे कण एका बाजूच्या थरांतून दुसऱ्या बाजूच्या थरांत ये-जा करतात, एवढेच. मात्र प्रत्येक खेपेला थोडे कण वाटेतल्या रासायनिक पापुद्र्यात कायमचे अडकतात. बॅटरी म्हातारी होते ती अशी. आणि हा पापुद्रा जाड करणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन, उष्णता आणि काठोकाठ भरलेला चार्ज. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांत वर्षभर ठेवली तर तिची साधारण एक तृतीयांश क्षमता जाते. तीच निम्म्याहून थोडी कमी भरून ठेवली तर १५ टक्क्यांच्या आसपास जाते. आता आठवा, आपल्या मित्रिबा केंद्रावर २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने तो आकडा मान्यही केला. ते सावलीतले तापमान. काच बंद असलेल्या गाडीतले याहून कितीतरी जास्त. ॲपल कंपनी आपले फोन ३५ अंशांपर्यंतच वापरा असे सांगते. आपल्याकडे मे ते सप्टेंबर दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वरच जाते!

उलटे झालेले नियम

तेव्हा टाकून द्यायची पहिली सवय म्हणजे ऊन. जुन्या सेलमध्ये उष्णतेने उरलेली वीज बाहेर पडायची, कारण तो सेल तसाही टाकायचाच होता. फोनची बॅटरी आपल्याला तीन-चार वर्षे सांभाळायची असते. फोन गाडीत ठेवू नका, काचेला लावायचाच असेल तर एसीच्या झोतासमोर लावा, आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका.

टाकायची दुसरी सवय १९९० च्या दशकातली. त्या वेळच्या फोनमध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. ती अर्धवट उतरलेली असतानाच वरचेवर भरली, तर तिची क्षमता कमी झाल्यासारखी वाटे. म्हणून 'पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा' असे दुकानदार बजावत. लिथियमला हे दोन्ही बाधते. तिला वीस ते ऐंशी टक्क्यांमधला मध्यममार्ग मानवतो. ॲपलने २०१९ साली चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून उरलेले तुमच्या उठण्याच्या वेळेआधी भरण्याची सोय दिली, आणि २०२३ पासूनच्या आयफोनमध्ये ८० टक्क्यांची पक्की मर्यादाच घालता येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही अशी मर्यादा आहे. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती आजच लावा.

काकांचे नियम मात्र अजूनही चालतात. डायलचा दिवा म्हणजे आजचा पडदा. फोनमध्ये सर्वांत जास्त खाणाऱ्यांपैकी तो एक. प्रकाश आपोआप कमी-जास्त होऊ द्या आणि पडदा तीस सेकंदांत विझेल असे ठेवा. काळ्या पार्श्वभूमीचा डार्क मोड ओएलईडी पडद्यावरच उपयोगी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली मोजले, तेव्हा घरातल्या मंद प्रकाशात त्याने ३ ते ९ टक्केच वीज वाचली, पण पडदा पूर्ण उजळ असताना ३९ ते ४७ टक्के. म्हणजे इथल्या उन्हात बाहेर काम करणाऱ्यांना तो खरा लाभाचा.

'फक्त बातम्यांच्या वेळी' हा नियम तर फोन बनवणाऱ्यांनीच उचलला, असे म्हणायला हरकत नाही. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये 'डोझ' आले; फोन टेबलावर निजला, की ॲप्सनाही झोपवून ठराविक वेळानेच जागे करायचे. त्याच वर्षी आयफोनमध्ये 'लो पॉवर मोड' आला. त्याच्या जोडीला तुम्ही एवढे करा: ज्या ॲपला तुमचा ठावठिकाणा हवा असतो, त्याला तो 'वापरतानाच' द्या, आणि मागे चालणारे ताजेतवाने होणे गरजेपुरत्या ॲप्सनाच ठेवा. मात्र एकेक ॲप बोटाने वर ढकलून बंद करण्यात फायदा नाही. ते पुन्हा उघडायला उलट जास्त वीज लागते.

तिसरा नियम आवाजाचा. रेडिओ फक्त ऐकतो, फोन मात्र बोलतोही. टॉवर दूर असला, की तो ओरडून बोलतो. इमारतीचे तळघर किंवा हिवाळ्यातल्या वाळवंटी तंबूंचा मुक्काम, अशा ठिकाणी रेंज नसेल तर विमान मोड लावा. नाहीतर रात्रभर हाका मारून मारून तो सकाळी गळून पडतो.

इतका खटाटोप कशासाठी, असे तरुण वाचक विचारतील. आज सिव्हिल आयडी फोनमध्ये, 'सहेल' ॲप फोनमध्ये, बँक फोनमध्ये आणि घरचा आवाजही फोनमध्येच. जून २०२४ मध्ये, तेलाच्या या देशात, ऐन उन्हाळ्यात ठरवून वीजकपात करावी लागली, हेही आपण पाहिले. तेव्हापासून मी सिव्हिल आयडीचे कार्ड पाकिटात ठेवतो, आणि त्याच्या मागे एका चिठ्ठीवर भावाचा नंबर लिहिलेला असतो. पाठ असलेला नंबर आता एकही उरलेला नाही.

आईला मात्र यातले काही समजावून सांगितलेले नाही. तिच्या टीव्हीच्या रिमोटमधले सेल अजूनही खिडकीतल्या उन्हात जातात, आणि दोन दिवस चालतातही.